एकाच अडत्याचा बाजार

पुण्याहून जुन्या महामार्गाने निघून दापोडी आणि फुगेवाडी मागे टाकली की कासारवाडी लागते. इथे लोकलचे स्थानक आहे, ६ मार्च २०२२ पासून मेट्रोचेही आहे, बॉयलर आणि वाफेच्या यंत्रणांसाठी देशभर माहीत असलेला फोर्ब्स मार्शलचा कारखाना आहे, आणि लगतच नाशिक फाटा, जिथून भोसरी, मोशी, चाकणचा रस्ता फुटतो. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढच्या अर्धशतकात कारखान्यांची रांग चाकणच्या पलीकडे गेली. मोक्याची जागा म्हणजे काय, हे या पट्ट्यात कोणाला शिकवावे लागत नाही. फाट्यालगतच्या गाळ्याचे भाडे आतल्या गल्लीतल्या गाळ्यापेक्षा जास्त का, हे मालकाला आणि भाडेकरूला सारखेच ठाऊक असते. तिथून गिऱ्हाईक जाते. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मात्र हे गिऱ्हाईक रस्त्यावर येण्याआधी मोबाइलच्या पडद्यावर येऊ लागले. सामान हलवायचे असो, सोनोग्राफी करायची असो, सीएनसीचा कोर्स हवा असो की गाडीला टोइंग व्हॅन हवी असो, ते आधी शोधते आणि मग निघते. त्या पडद्यावरच्या पहिल्या दोन-चार ओळींना आता फाट्यावरच्या गाळ्याची किंमत आली आहे. पण त्यांचा भाडेकरार अकरा महिन्यांचा नसतो. प्रत्येक शोधागणिक त्या नव्याने लिलावात निघतात, लिलाव क्षणार्धात संपतो, आणि तो करणारी कंपनी भारतात व्यवहारतः एकच आहे.

या पुस्तकाचा विषय तो लिलाव आणि त्याचे अर्थकारण. प्रस्तावनेत मला एकच गोष्ट मांडायची आहे. लिलाव बोली लावणाऱ्यांमध्ये कितीही नियमाने चालला, तरी जिथे लिलावाचे ठिकाण एकच असते तिथे धंद्यातला नफा सावकाश बोली लावणाऱ्यांच्या खिशातून लिलाव करणाऱ्याच्या खिशात जातो. त्यासाठी कोणी लबाडी करावी लागत नाही. लबाडी शोधत बसलो तर हे सरकणे नजरेतून सुटते, आणि आपल्याकडच्या चर्चेत बहुतेक वेळा तसेच झाले आहे. गूगल निकालांत फेरफार करते का, आपल्याच सेवा वर दाखवते का, हे प्रश्न गाजले. ते खोटे नाहीत. पण भोसरीतल्या किंवा कासारवाडीतल्या व्यावसायिकाच्या महिन्याच्या हिशेबात जो आकडा वाढत जातो तो जाहिरातीच्या बिलाचा, आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

सगळेच व्यावसायिक या लिलावात नसतात, हे आधी सांगितले पाहिजे. पट्ट्यातल्या ज्या वर्कशॉपकडे मोठ्या वाहन कंपनीचा व्हेंडर कोड आहे, त्याचे गिऱ्हाईक ठरलेले असते. त्याला काम मिळते ते ड्रॉइंग, कोटेशन, नमुना, ऑडिट या वाटेने, आणि त्याची डोकेदुखी वेळेवर न येणाऱ्या पैशांची. इंटरनेटवरच्या जाहिरातीची किंमत दुप्पट झाली तरी त्याला पत्ता लागणार नाही. लिलावाची झळ बसते ती ज्यांचे गिऱ्हाईक रोज नवे असते, घाईत असते आणि पुन्हा येईलच याची खात्री नसते त्यांना. घरसामान हलवणारे, पेस्ट कंट्रोल, घरी येऊन फ्रिज-एसी दुरुस्त करणारे, दंतवैद्य, क्लासेस, वसतिगृहे, मंगल कार्यालये, वधू-वर सूचक संस्था हे सगळे त्यात आले. कारखान्यांच्या पट्ट्यात अशा सेवांची मागणी इतर शहरांपेक्षा जास्त असते, कारण इथली माणसे बदलीवर येतात आणि बदलीवर जातात. नव्या माणसाला शेजारी कोण हे माहीत नसते, मग भरवशाचा टेम्पोवाला कोण हे कुठून माहीत असणार? तो शोधतो.

हा लिलाव आला कुठून तेही थोडे पाहू. १९९८ मध्ये अमेरिकेत बिल ग्रॉस यांच्या 'गोटू' या कंपनीने शोधनिकालांतल्या जागा उघड बोलीवर विकायला सुरुवात केली. कंपनीचे नाव पुढे 'ओव्हर्चर' झाले आणि २००३ मध्ये ती याहूने घेतली. त्याच १९९८ साली सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज यांनी आपल्या शोधयंत्रावर जो शोधनिबंध लिहिला, त्यात जाहिरातीवर जगणारे शोधयंत्र जाहिरातदारांकडे झुकणारच, असा इशारा दिला होता. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २००० मध्ये, त्यांनीच ॲडवर्ड्स ही जाहिरात सेवा सुरू केली. याला ढोंग म्हणायची घाई मी करणार नाही. त्यांनी जाहिराती निकालांपासून वेगळ्या ठेवल्या आणि २००२ पासून एक खरी सुधारणा आणली. बोली सर्वांत मोठी म्हणून जागा मिळणार नाही, लोक त्या जाहिरातीवर किती क्लिक करतील याचा अंदाजही मोजला जाईल. आणि जिंकणाऱ्याने आपली पूर्ण बोली मोजायची नाही, खालच्याला मागे ठेवण्यापुरतेच द्यायचे. अशा 'दुसऱ्या बोली'च्या लिलावावर विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये लिहिले होते आणि १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. विक्रींच्या मूळ लिलावात खरी किंमत बोलणे हाच शहाणपणा ठरतो. गूगलच्या लिलावात तसे होत नाही, हे बेंजामिन एडलमन, मायकेल ऑस्ट्रोव्स्की आणि मायकेल श्वार्झ यांनी २००७ मध्ये दाखवून दिले. त्याच वर्षी गूगलचे मुख्य अर्थशास्त्रज्ञ हाल वेरियन यांचाही याच लिलावावरचा निबंध आला. या गणिताचा भाग पुस्तकात पुढे सविस्तर आहे. इथे एवढे पुरे, की ही यंत्रणा हुशारीने बांधलेली आहे आणि तिच्या गुणांबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही.

आता हिशेब करू. आकडे मी समजण्यासाठी धरले आहेत. घरसामान हलवणाऱ्या एका व्यावसायिकाला एका कामाचे १२,००० रुपये मिळतात. ट्रक, हमाल, पॅकिंग, डिझेल वजा जाता ३,००० उरतात. जाहिरातीवर क्लिक करणाऱ्या वीस जणांपैकी एक जण काम देतो. म्हणजे एका क्लिकमागे १५० रुपयांपर्यंत काहीही दिले तरी तो तोट्यात जात नाही. तो एकटाच असता तर दहा-पंधरा रुपयांत भागले असते. पण पिंपळे सौदागरपासून मोशीपर्यंत असे आणखी बरेच जण आहेत, त्यांचा खर्च साधारण सारखाच आहे आणि तेही हेच गणित करू शकतात. एक जण ६० बोलतो, दुसरा ९०, तिसरा १३०. जिंकणारा आपली बोली देत नाही, खालच्याच्या आसपास देतो, हे खरे. पण तो १५० बोलला आणि खालचा १३० वर येऊन बसला असेल तर या सवलतीचे मोल वीस रुपये. वीस क्लिकचे २,६०० रुपये लिलाव करणाऱ्याकडे गेले, ज्याने ट्रक चालवला, काचेची भांडी कागदात गुंडाळली आणि चौथ्या मजल्यावरून फ्रिज उतरवला त्याच्याकडे ४०० उरले. जितके स्पर्धक एकमेकांसारखे, तितकी बोली नफ्याच्या काठाला जाऊन भिडते. सेवा देणाऱ्यांमध्ये स्पर्धा कडक आहे म्हणून गिऱ्हाईकाला स्वस्त पडायला हवे होते. इथे त्याच कडक स्पर्धेमुळे लिलाव करणाऱ्याचे उत्पन्न वाढते आणि गिऱ्हाईकाचे कोटेशन खाली येत नाही, उलट पुढच्या वर्षी त्यात जाहिरातीचा खर्च मिसळून ते वर जाते.

या गणिताचा सर्वांत चमत्कारिक तुकडा म्हणजे स्वतःच्या नावावर लावावी लागणारी बोली. गिऱ्हाईकाने दुकानाचे नावच टाइप केले, म्हणजे ते आधीच ठरवून आले आहे. तरीही त्या नावावर दुसरा कोणी बोली लावू शकतो, आणि मग मालकाला स्वतःच्याच गिऱ्हाईकासाठी पैसे मोजावे लागतात. भारतात यावरचा सर्वांत महत्त्वाचा खटला नेमका सामान हलवण्याच्या धंद्यातला आहे. 'अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्स' हे नाव वापरणारी डीआरएस लॉजिस्टिक्स ही कंपनी आपले नाव शोधणाऱ्याला इतरांच्या जाहिराती दिसतात म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात गेली. १० ऑगस्ट २०२३ रोजी न्या. विभू बाखरू आणि न्या. अमित महाजन यांच्या खंडपीठाने सांगितले की जाहिरात कार्यक्रमात गूगल निव्वळ निरोप्या नाही, ट्रेडमार्कच्या वापरात त्याचा सक्रिय सहभाग आहे, आणि उल्लंघन सिद्ध झाले तर माहिती तंत्रज्ञान कायद्यातले मध्यस्थाचे संरक्षण त्याला मिळणार नाही. त्याच निकालाची दुसरी बाजू अशी, की दुसऱ्याचे नाव कीवर्ड म्हणून वापरणे एवढ्यानेच उल्लंघन होत नाही, गिऱ्हाईकाची दिशाभूल व्हायला हवी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मेकमायट्रिप आणि बुकिंग डॉट कॉम यांच्या वादात त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने हाच धागा धरून, दोन्ही नावे इतकी परिचित आहेत की गोंधळ होणार नाही, असे म्हटले. मुंबई उच्च न्यायालयात २०१४ मध्ये शादी डॉट कॉमच्या प्रकरणात न्या. गौतम पटेल यांनी दुसऱ्याचे नाव संकेतस्थळाच्या अदृश्य मजकुरात दडवून त्याची वर्दळ वळवणाऱ्याला रोखले होते. म्हणजे प्रतिस्पर्ध्याने चोरून नाव वापरले तर तो दोषी, आणि लिलावातून विकत घेऊन वापरले तर गोंधळ सिद्ध करा. कायद्याच्या चौकटीत दोन्ही निकाल समजून घेता येतात. पण न्यायालयासमोर प्रश्न गिऱ्हाईकाच्या गोंधळाचा होता, व्यावसायिकाच्या खर्चाचा नव्हता. गिऱ्हाईक जराही गोंधळले नाही तरी नावाच्या मालकाला बोली लावावीच लागते, आणि तो खर्च कोणत्याही निकालात मोजला जात नाही.

हा खर्च कितपत वाया जातो याचा एक चांगला प्रयोग उपलब्ध आहे. ईबे या कंपनीच्या जाहिराती काही काळ बंद ठेवून टॉमस ब्लेक, क्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टाडेलिस यांनी परिणाम मोजला आणि २०१५ मध्ये तो प्रसिद्ध केला. कंपनीच्या नावावरच्या जाहिराती थांबवल्यावर जवळजवळ सगळी वर्दळ खालच्या फुकट निकालांतून तशीच आली. या प्रयोगाचा निष्कर्ष कासारवाडीच्या दुकानाला जसाच्या तसा लावणे चूक होईल. ईबे जगाला माहीत होते, आणि त्याच्या नावावर तुटून पडणारे स्पर्धक फारसे नव्हते. लहान दुकानाने आपल्या नावावरची बोली थांबवली आणि शेजाऱ्याने चालू ठेवली, तर काही गिऱ्हाईके खरोखर जातील. पण हीच तर मेख आहे. कोणीच बोली लावली नाही तर कोणाचेच काही जात नाही. एकाने लावली की सगळ्यांना लावावी लागते. चाकणहून तळेगावला जाणाऱ्या कुटुंबांची संख्या त्यामुळे एकानेही वाढत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: किंमत गूगल ठरवत नाही, लिलाव ठरवतो, व्यापारी आपखुशीने बोली लावतात, मग तक्रार कसली? या आक्षेपाला उत्तर द्यायला सिलिकॉन व्हॅलीपर्यंत जायला नको. नाशिक फाट्यावरून मोशीला गेले की पुणे कृषी उत्पन्न बाजार समितीचा उपबाजार लागतो, आणि लिलावात भाव कसा ठरतो याबद्दल महाराष्ट्राने जेवढे शिकून ठेवले आहे तेवढे क्वचित कोणी शिकले असेल. शेतमालाचा भावही लिलावच ठरवत होता. पण रुमालाखाली बोटे दाबून झालेल्या सौद्यात शेतकऱ्याला बोली कळत नव्हती, वजनकाटा दुसऱ्याचा होता, आणि अडत, हमाली, तोलाई यांच्या नावाखाली काय कापले जाते ते पट्टी हातात आल्यावर समजायचे. १९६३ च्या बाजार समिती कायद्याने माल एका आवारात आणला, लिलाव उघड करायला लावला, अडत्याला परवाना घ्यायला लावला आणि कापायच्या रकमांवर नियंत्रण आणले. ते आवार पुढे स्वतःच मक्तेदारी झाले. म्हणून २०१६ मध्ये सरकारने फळे-भाज्या त्याच्या बंधनातून मोकळ्या केल्या आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरवले. ती व्यवस्था आदर्श होती असे मला म्हणायचे नाही, बाजार समित्यांचे राजकारण सर्वांना माहीत आहे. पण अडत्याच्या हातात लिलावाचे नियम असतात आणि नियमांतूनच भाव हलतो, हे इथे कोणाला नव्याने पटवावे लागत नाही.

शोधजाहिरातीत तसेच घडते का? यावर आता तर्काने बोलण्याची गरज उरलेली नाही. अमेरिकेच्या न्याय विभागाने गूगलवर भरलेल्या खटल्यात ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्या. अमित मेहता यांनी निकाल दिला. सर्वसाधारण शोध आणि त्यालगतच्या मजकुरी जाहिराती या दोन्ही बाजारांत गूगलची मक्तेदारी आहे आणि ती बेकायदा मार्गाने टिकवली गेली, असा तो निकाल. त्यात लिलावाच्या आतल्या कळींचे वर्णन आहे. त्यातली एक कळ अशी, की हरणाऱ्या जाहिरातीचा गुणांक, म्हणजे तिच्यावर किती क्लिक होतील याचा अंदाज, थोडा वाढवून तिला जिंकणाऱ्याच्या जवळ आणायचे. खालचा जवळ आला की वरच्याला त्याला मागे ठेवण्यासाठी जास्त मोजावे लागते. खालच्याला जागा मिळत नाही, वरच्याचा दर्जा बदलत नाही, बदलते फक्त बिल. जाहिरात विभागाचे तेव्हाचे अधिकारी जेरी डिश्लर यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये साक्षीत मान्य केले की काही वेळा दर पाच टक्क्यांनी, काही शोधांत दहा टक्क्यांपर्यंतही वाढतील असे बदल केले गेले, आणि जाहिरातदारांना ते सांगितले जात नसत. स्पर्धक काय दर लावतात याची पर्वा न करता किमती वाढवता येणे, हीच न्यायालयाने मक्तेदारीची खूण मानली. गूगलच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवायला हवी. त्याच न्यायाधीशांनी गूगलचे शोधयंत्र दर्जाने उत्तम आहे हेही लिहिले. उत्तम मालामुळे बाजार मिळाला आणि फोन-ब्राउझर कंपन्यांशी केलेल्या करारांमुळे तो कोणाला घेता आला नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि त्याला झटकून टाकता येणार नाही. जाहिरातीचा हा लिलाव नसता तर नव्या माणसाने धंदा कसा उभा केला असता? या पट्ट्यातली कामे पूर्वी ओळखीने, गावकीने, नातेवाइकांच्या शब्दावर मिळत. बीड-लातूरकडून किंवा बिहारमधून आलेल्या एसी मेकॅनिकला ना गावकी होती, ना शब्द टाकणारा कोणी. जाहिरातीमुळे तो पहिल्याच आठवड्यात वाकडमधल्या सोसायटीत पोहोचतो. वर्तमानपत्रातली जाहिरात वाचली जाते की नाही हे कळत नव्हते, इथे क्लिकचाच पैसा जातो. शिवाय नकाशावर दुकानाची नोंद फुकट आहे. हे सगळे मला मान्य आहे, आणि जाहिरात बंद करा असे म्हणणाऱ्यांत मी नाही. माझा मुद्दा किमतीचा आहे. पहिल्या मेकॅनिकला क्लिक स्वस्तात मिळतो, कारण त्याच्या मागे बोली लावणारे कमी असतात. पन्नासावा येतो तेव्हा क्लिकची किंमत त्याच्या नफ्याला येऊन टेकलेली असते. म्हणजे ज्या दाराने नवखा आत आला, त्याच दाराचा टोल तो कायम भरत राहतो, आणि जुन्या, भांडवल असलेल्या, एजन्सी ठेवणाऱ्या मोठ्या साखळ्यांना तो टोल जास्त सोसतो. दुसरे दार असते तर टोल कमी झाला असता.

तर दुसरे दार आहे का? तिसरा आक्षेप म्हणतो, आहे. मुंबईत १९९६ मध्ये व्ही. एस. एस. मणी यांनी सुरू केलेले जस्टडायल आहे. आठ आकडा दहा वेळा दाबून मिळणारी ती सेवा अनेकांना आठवत असेल. २०२१ मध्ये तिची सूत्रे रिलायन्स रिटेलकडे गेली. कारखान्यांसाठी इंडियामार्ट आहे, आणि नट-बोल्ट, कन्व्हेयर, पॅकिंग मशीन विकणाऱ्यांचे तिथे खरोखर भागते. इन्स्टाग्राम आहे, ॲमेझॉन आहे, आणि आता प्रश्नांना सरळ उत्तरे देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आहेत. यांतल्या प्रत्येकाने गूगलचा थोडा तुकडा तोडला आहे हे खरे. तरी घाईतल्या, नेमक्या गरजेच्या गिऱ्हाईकाचा शोध अजून एकाच पेटीत टाइप होतो, आणि ती पेटी फोन विकत घेतानाच पडद्यावर असते. ती तिथे आपोआप येत नाही. अमेरिकी खटल्यातल्या आकड्यांनुसार, फोन आणि ब्राउझरवर आपोआप आपलेच शोधयंत्र यावे म्हणून गूगलने २०२१ मध्ये २६ अब्ज डॉलरहून जास्त मोजले. २०२२ मध्ये एकट्या ॲपलला सुमारे २० अब्ज डॉलर मिळाले. 'दुसरे शोधयंत्र एका क्लिकवर आहे' हे इतके खरे असते, तर तो क्लिक होऊ नये म्हणून एवढा पैसा कोणी ओतला नसता.

भारतात हा प्रश्न ॲपलपेक्षा अँड्रॉइडचा. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइडच्या करारांवरून गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, आणि मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. आयोगाच्या आदेशानंतर, नवा फोन सुरू करताना शोधयंत्र निवडण्याचा पडदा दाखवू, असे गूगलने जाहीर केले होते. तरीही भारतातल्या शोधांमधला त्याचा वाटा ९५ टक्क्यांच्या वरच राहिला. याचा अर्थ लोकांना गूगलच हवे आहे असा लावता येतो, आणि काही अंशी तो बरोबर आहे. पण वीस वर्षे सगळे शोध एकाच यंत्राकडे गेल्यावर कोणता निकाल उपयोगी पडला याचे ज्ञानही त्याच्याचकडे साठले. 'मोशीत रविवारी उघडा असलेला दवाखाना' असा क्वचित येणारा, मराठी-इंग्रजी मिसळून टाइप केलेला शोध दुसऱ्या यंत्राने फारसा पाहिलेलाच नसतो. निवडीचा पडदा उशिरा आला तर निवडण्यासारखे काही उरलेले नसते. म्हणूनच २ सप्टेंबर २०२५ च्या आदेशात न्या. मेहता यांनी क्रोम विकायला लावले नाही, पण एकाधिकाराचे करार बंद केले आणि शोधांची काही माहिती पात्र स्पर्धकांना द्यायला सांगितले. हा उपाय दरवाजापेक्षा साठ्याकडे पाहतो, आणि माझ्या मते योग्य दिशेने पाहतो, जरी पैसे देण्यावर सरसकट बंदी न घालणे मला पटलेले नाही.

आपल्या आयोगाने जाहिरातीच्या लिलावाकडे कधी पाहिले का? पाहिले, आणि सोडून दिले. वधू-वर सूचक संकेतस्थळे चालवणाऱ्या मॅट्रिमोनी डॉट कॉमने, ज्यांचे मराठी मंडळींसाठीही वेगळे संकेतस्थळ आहे, आणि जयपूरच्या 'कट्स' या ग्राहक संस्थेने २०१२ मध्ये तक्रारी केल्या. ८ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात गूगलला १३५.८६ कोटींचा दंड झाला, पण तो शोधनिकालांतल्या जागांच्या पक्षपातासाठी, विमान तिकिटांच्या चौकटीला दिलेल्या ठळक जागेसाठी आणि भागीदार संकेतस्थळांवर घातलेल्या अटींसाठी. जाहिरातीच्या लिलावाबाबत, गुणांक कसा ठरतो याच्या अपारदर्शकतेबाबत, आयोगाला उल्लंघन दिसले नाही. जाहिरातदारांना पुरेशी माहिती मिळते असे त्याचे मत पडले. अमेरिकेतल्या साक्षी तेव्हा झालेल्या नव्हत्या, म्हणून आयोगाला दोष देणे अन्यायाचे होईल. त्या साक्षी आता जाहीर आहेत आणि तोच प्रश्न पुन्हा उघडण्याला आधार आहे. मार्च २०२४ मध्ये सरकारी समितीने डिजिटल स्पर्धा कायद्याचा मसुदा पुढे केला, त्याचा कायदा झालेला नाही. दरम्यान परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरातीवर जून २०१६ पासून लावलेला सहा टक्के समानीकरण कर १ एप्रिल २०२५ पासून गेला. त्याने किमती कमी झाल्या असत्या असे नाही, पण या उलाढालीकडे शासनाचे लक्ष होते त्याची ती खूण होती.

डिजिटल स्पर्धा कायद्याचा मसुदा पुन्हा हाती घेतला तर त्यात काय असावे, याबद्दल माझे मत पुस्तकातल्या चर्चेपेक्षा थोडे कडक आहे. नोंदणीकृत नाव जसेच्या तसे शोधले गेले, तर त्या शोधावर जाहिरातीची जागा विकली जाऊ नये, निदान नावाच्या मालकाला बोली लावावी लागू नये. तुलना करू पाहणाऱ्या गिऱ्हाईकाचे नुकसान होईल, असे म्हटले जाते. त्याने 'पॅकर्स अँड मूव्हर्स' असे मोघम शोधावे, त्यावर हवा तेवढा लिलाव चालू द्या. लिलावाच्या नियमात बदल करून दर वाढणार असतील तर ते आधी जाहीर करावे लागावेत. आणि प्रत्येक बिलावर तीन आकडे असावेत: खालच्या स्पर्धकामुळे किती द्यावे लागले, गूगलच्या किमान दरामुळे किती, गुणांकातल्या बदलामुळे किती. मोशीच्या आवारात शेतकऱ्याला मिळणाऱ्या पट्टीवर काय कापले हे लिहावे लागते. लघुउद्योजकाच्या पट्टीवर ते नको, असे कोणी म्हणत असेल तर कारण त्याने सांगावे. एवढे तपशील उघड केले तर लबाड जाहिरातदार यंत्रणेला चकवतील, असे कंपनी म्हणते. गुणांकाचे सूत्र उघड केले तर कदाचित चकवतीलही. पण बिलाची फोड हे सूत्र नव्हे.

हे पुस्तक वाचायला घेण्यापूर्वी जाहिरात देणाऱ्या वाचकाला एक विनंती. आपल्या जाहिरात खात्यात कोणत्या शोधांवर पैसे गेले याचा अहवाल मिळतो. गेल्या वर्षभराचा तो काढा, त्यात आपल्याच दुकानाच्या नावासमोर किती रुपये लिहिले आहेत ते बघा, आणि तो आकडा आपल्या लघुउद्योग संघटनेच्या पुढच्या बैठकीत इतरांच्या आकड्यांशेजारी ठेवा. एकट्याने आयोगाकडे जाणे कोणालाच परवडणारे नाही. शंभर जणांचे बिल एकत्र गेले तर ते वाचावे लागेल.